धर्मसाम्य कोठें सांपडतें?

“सगळे धर्म शेवटीं एकच सांगतात” हें वाक्य आमच्या सुशिक्षित घरांतून इतक्या सहजपणें उच्चारलें जातें, कीं उच्चारणाऱ्यास आपण कांहीं विधान केलें असें वाटतच नाहीं. जेवणानंतर सुपारी कातरतां कातरतां तें म्हणतां येतें, आणि त्याला हरकत घेणारा मनुष्य तत्काळ संकुचित वृत्तीचा ठरतो. “त्यांचें आणि आपलें कधींच जमावयाचें नाहीं” हें दुसरें वाक्यही त्याच घरांतून, पुष्कळदां त्याच मुखांतून, आवाज थोडा खालीं आणून निघालेलें ऐकूं येतें. ह्या दोन वाक्यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे असा समज आहे. आमच्या मतें तीं सख्खीं भावंडें आहेत. कारण दोहोंचा उपयोग एकच, तो म्हणजे समोरच्या परधर्मीय मनुष्याशीं बसून बोलण्याचे श्रम वांचविणें. सर्व एकच असेल तर विचारावयाचें काय? आणि कधींच जमावयाचें नसेल तर विचारावयाचें कशाला?

आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे. दोन धर्मांमधील समान भूमि ग्रंथांच्या तुलनेनें हातीं लागत नाहीं, जाहीर वादविवादानें तर मुळींच लागत नाहीं. ती लागते दोन माणसांच्या खाजगी बोलण्यांत. आणि तेथेंही त्यांनीं आपले मतभेद न लपवितां बोलण्याची तयारी ठेवली तरच.

हें म्हणणें पारखून पाहण्यासाठीं मुद्दाम दूरचें उदाहरण घेऊं. हिंदु आणि मुसलमान ही जोडी घेतली कीं वाचकाचें मन पहिल्या ओळीपासूनच पक्षकार बनतें. म्हणून इस्लाम आणि अमेरिकेंतील मॉर्मन पंथ ही जोडी पाहूं. ह्या तंट्यांत आमच्या वाचकांचें घरदार गुंतलेलें नाहीं. मॉर्मन पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ हा १८०५ सालीं जन्मला. मोरोनी नांवाच्या देवदूतानें आपणांस सुवर्णपत्रांवर कोरलेला ग्रंथ दाखविला असें त्यानें सांगितलें. १८३० सालीं तो ग्रंथ छापून निघाला व त्याच सालीं पंथाची स्थापना झाली. १८४४ सालीं इलिनॉय प्रांतांतील कार्थेज येथील तुरुंगांत जमावानें त्यास ठार मारलें. पुढें ब्रिगम यंग ह्याच्या नेतृत्वाखालीं अनुयायी ओसाड मुलूख तुडवीत पश्चिमेकडे गेले आणि १८४७ सालीं मोठ्या खाऱ्या सरोवराच्या कांठीं त्यांनीं नवें नगर वसविलें.

हा पंथ आमच्या प्रांतास अगदींच नवखा नव्हे. १८५२ सालीं ह्यू फिंडले नांवाचा मॉर्मन प्रचारक मुंबईंत उतरला. पुण्यास त्यानें एक लहानशी मंडळी जमविली. त्याच्या पंथावर मुंबईंत टीकेचीं पुस्तकें निघालीं, तेव्हां त्यानेंही १८५३ सालीं मुंबईंतच छापील उत्तर दिलें. म्हणजे शास्त्रार्थ रीतसर झाला. कांहीं वर्षांत फिंडले निघून गेला, मंडळी पांगली, आणि आज गिरगांवांत त्याचें नांव ऐकलेला मनुष्य शोधून काढावा लागेल. छापील उत्तर-प्रत्युत्तराचें आयुष्य पुष्कळदां एवढेंच असतें.

आतां ह्या दोन धर्मांतील सादृश्य पाहूं. वरवर पाहणारास तें चकित करील असें आहे. दोहोंच्या आरंभीं एकांतांत गेलेला, शाळेंतील विद्या फारशी न शिकलेला एक पुरुष, देवदूताचें दर्शन आणि एक ग्रंथ आहे. दोहोंकडे पूर्वीचे धर्मग्रंथ कालांतरानें मलिन झाले, अशी श्रद्धा आहे. दोहोंकडे छळ आणि स्थलांतर आहे: पैगंबर ६२२ सालीं मक्का सोडून मदिनेस गेले, मॉर्मनांनींही आपलें गांव सोडून वाळवंट गांठलें. दोहोंस मद्य निषिद्ध. दोहोंकडे उपवास: मुसलमानांचा रमजानचा महिनाभर, मॉर्मनांचा महिन्यांतून एक दिवस, आणि त्या दिवशीं वांचलेल्या अन्नाची किंमत गरिबांस द्यावयाची. एकाकडे संपत्तीच्या चाळिसाव्या भागाची जकात, तर दुसऱ्याकडे मिळकतीचा दशमांश. बहुपत्नीकत्वावरून दोघांचीही जगानें निंदा केली. मॉर्मनांनीं तें १८९० सालीं अधिकृतपणें सोडलें.

परंतु ही यादी प्रथम कोणी केली आणि कशासाठीं केली, हें पाहिलें म्हणजे यादीवरचा आमचा विश्वास डळमळूं लागतो. एकोणिसाव्या शतकांतील ख्रिस्ती टीकाकारांनीं जोसेफ स्मिथ ह्यास “अमेरिकन महंमद” म्हटलें, तें गौरवासाठीं नव्हे. एका धर्मसंस्थापकास शिवी द्यावयाची म्हणून दुसऱ्याचें नांव वापरलें, आणि एका दगडांत दोघांचा अपमान साधला. तेंच सादृश्य, तेच मुद्दे. हेतु मात्र द्वेषाचा. सादृश्याची यादी ही सुरीसारखी आहे. तिनें भाकरीही कापतां येते आणि बोटही.

कोणी म्हणेल, हे टीकाकार घरबसे होते. दोन्ही धर्म जवळून पाहणारा मनुष्य असें लिहिता ना. तसा मनुष्यही झाला आहे, आणि त्याचा मुंबईशीं संबंधही आहे. रिचर्ड बर्टन हा १८४२ सालीं मुंबईच्या फलटणींत अधिकारी म्हणून आला. १८५३ सालीं तो मक्केस जाऊन आला आणि १८६० सालीं मॉर्मनांच्या नगरासही गेला. दोन्ही प्रवासांवर त्यानें मोठाले ग्रंथ लिहिले. निरीक्षण, भाषाज्ञान, साहस ह्यांत त्याची बरोबरी करणारा विरळा. परंतु मक्केस तो गेला तो वेष पालटून, मुसलमान यात्रेकरू असल्याची बतावणी करून. ज्यांच्या पंगतीस तो बसला, ज्यांच्याशीं रात्र रात्र बोलला, त्यांना आपण कोणाशीं बोलतों आहों हेंच ठाऊक नव्हतें. अशा बोलण्यांतून माहिती पुष्कळ मिळते. संवाद मात्र एक अक्षराचाही होत नाहीं. संवादास दोघांचेंही खरें नांव लागतें.

सादृश्याच्या यादीचा दुसरा दोष असा, कीं ती मूळ भेद झांकते. इस्लामचा ईश्वर एक, निराकार, अजन्मा. त्यास पुत्र नाहीं, भागीदार नाहीं. मॉर्मनांचा स्वर्गस्थ पिता देहधारी आहे, येशू त्याचा पुत्र आहे, आणि सत्पुरुष उन्नत होत होत देवत्वास पोंचूं शकतो अशी त्यांची शिकवण आहे. मुसलमानाच्या कानास ह्याहून मोठा अधर्म नाहीं. उलट, महंमद हे शेवटचे पैगंबर, त्यांच्यानंतर कोणी नाहीं, हा इस्लामचा कणा. तर ईश्वर आजही बोलतो आणि त्याचा प्रेषित आजही पृथ्वीवर आहे, हा मॉर्मनांचा. एकाचा शेवट तोच दुसऱ्याचा आरंभ आहे.

सदिच्छेचे प्रयत्न झाले नाहींत असें नाहीं. १९७८ सालीं मॉर्मन पंथाच्या सर्वोच्च मंडळानें जाहीर केलें कीं महंमदादि थोर पुरुषांस ईश्वरी प्रकाशाचा अंश लाभला होता. १९९७ सालीं त्याच पंथाच्या ब्रिगम यंग विद्यापीठानें इमाम गझालीचा तत्त्वज्ञांच्या खंडनाचा ग्रंथ मूळ अरबी आणि समोर इंग्रजी भाषांतर अशा रूपांत छापला. हीं कामें स्तुत्य आहेत. शिवीगाळीच्या शतकानंतर तीं झालीं हें विशेषच. तरीही पाहा: “प्रकाशाचा अंश” हे शब्द लिहिणारानें आदरानें लिहिले, पण ज्याच्या मतें तो प्रकाश पूर्ण आहे त्यानें ते वाचून काय म्हणावें? कागदावरची समेट नेहमीं अशा एखाद्या शब्दाशीं येऊन अडते.

मग समान भूमि आहे तरी कोठें? आमचे एक स्नेही आहेत. रत्नागिरी जिल्ह्यांतील कोंकणी मुसलमान, मुंबईंत आयुष्यभर शिक्षकी करून निवृत्त झालेले. त्यांचा मुलगा नोकरीनिमित्त अमेरिकेंत यूटा राज्यांत असतो. त्याच्याकडे ते कांहीं महिने जाऊन राहिले. शेजारीं एक वृद्ध मॉर्मन दांपत्य होतें. पहिल्याच आठवड्यांत तीं दोघें घरीं केलेला पाव घेऊन भेटीस आलीं. आमच्या स्नेह्यांनीं आपल्या रीतीप्रमाणें चहा पुढें केला; पाहुण्यांनीं तो नम्रपणें नाकारला. स्नेह्यांचें मन खट्टू झालें. आपल्या हातचा चहा कोणी कां नाकारतो ह्याचा अनुभव त्यांनीं रत्नागिरीपासून मुंबईपर्यंत घेतला होता, आणि अमेरिकेंतही तेंच आलें अशी त्यांची समजूत झाली. परंतु ते शिक्षक होते. त्यांनीं सरळ कारण विचारलें. तेव्हां कळलें कीं १८३३ सालच्या एका आज्ञेवरून मॉर्मन लोक मद्य व तंबाखूप्रमाणेंच चहा-कॉफीही घेत नाहींत. “प्रोफेसरसाहेब,” ते आम्हांस म्हणाले, “चहा नाकारलेला मीं पुष्कळ वेळां पाहिला होता, कारण पहिल्यांदाच ऐकलें.”

पुढें रमजान आला. शेजाऱ्यानें विचारलें, पाणीसुद्धां नाहीं? ह्यांनीं विचारलें, तुमच्या उपवासांत? त्यांच्याही उपवासांत पाणी नव्हतें. दोघे वृद्ध एकमेकांस तहानेची हकीकत सांगूं लागले: दुपारीं तीनच्या सुमारास मन कसें चिडचिडें होतें, तेव्हां घरच्या माणसांवर खेंकसण्याचा मोह कसा आवरावा लागतो, आणि उपवास मोडतांना पहिल्या घोटाबरोबर जो उपाशी आहे त्याची आठवण खरोखर येते कीं नाहीं. शेवटच्या प्रश्नावर दोघांनींही प्रामाणिकपणें सांगितलें कीं पुष्कळदां येत नाहीं. आमच्या मतें त्या क्षणीं त्यांना समान भूमि सांपडली. “दोन्ही धर्मांत उपवास आहे” ही ती भूमि नव्हे. तें तर कोणतेंही पाठ्यपुस्तक सांगतें. दोघेही आपापल्या धर्माच्या अपेक्षेस कमी पडतात, आणि हें एकमेकांजवळ बोलतां येतें, ही ती भूमि.

मतभेदाचा प्रसंगही टळला नाहीं. एके संध्याकाळीं शेजाऱ्यानें आपला ग्रंथ भेट दिला आणि तो ईश्वरी आहे असें सांगितलें. आमच्या स्नेह्यांनीं तो आदरानें घेतला आणि स्पष्ट सांगितलें कीं त्यांच्या श्रद्धेप्रमाणें महंमदानंतर ग्रंथ नाहीं आणि प्रेषितही नाहीं. थोडा वेळ कोणी बोललें नाहीं. मग शेजारी म्हणाला, आमच्या प्रेषितास लोक लबाड म्हणतात, तें ऐकतांना काय वाटतें हें तुम्हांला ठाऊक असेल. स्नेही म्हणाले, हो, ठाऊक आहे. जें सादृश्य शंभर वर्षें शिवी म्हणून वापरलें गेलें, तें त्या ओसरीवर सोसणाऱ्या दोघांनीं एकमेकांच्या दुःखाचें माप म्हणून वापरलें. दोघांपैकीं कोणाचाही सिद्धांत तसूभर हलला नाहीं. मैत्री मात्र आजतागायत आहे.

आतां ह्याच्या शेजारीं आमच्या गिरगांवचा इतिहास ठेवून पाहूं. डॉक्टर जॉन विल्सन १८२९ सालीं मुंबईस आले. १८३१ सालीं मोरभट दांडेकरांशीं त्यांचा जाहीर वाद झाला. १८५७ सालीं विष्णुबोवा ब्रह्मचारी आणि मिशनरी ह्यांचे प्रसिद्ध वादविवाद समुद्रकिनारीं झाले. त्यांचा वृत्तांत जॉर्ज बोवेन ह्या अमेरिकन मिशनऱ्यानें ग्रंथरूपानें छापला. दोन्ही बाजूंस विद्वत्ता होती, धैर्य होतें. राज्यकर्त्यांच्या धर्मापुढें न वांकतां विष्णुबोवा उभे राहिले ह्याचें मोल आम्ही जाणतों. तथापि असल्या सभेंत एक गोष्ट घडणें अशक्य असतें: वक्त्याला “हा प्रश्न मलाही सुटलेला नाहीं” असें म्हणतां येत नाहीं. कारण तो समोरच्याशीं बोलत नसतो. तो समोरच्याच्या आडून श्रोत्यांशीं बोलत असतो. टाळी वाजवणारा तिसरा मनुष्य हजर असला कीं दोघांचें बोलणें संपतें. आजच्या वादसभांस तर वाळूही लागत नाहीं. पडद्यावर आठ चौकटींत आठ डोकीं एकाच वेळीं ओरडतात, आणि त्याला आपण चर्चा म्हणतों.

मराठी भाषेंत ह्याहून चांगली परंपरा आहे, आणि ती ह्या वादांहून अडीचशें वर्षें जुनी आहे. एकनाथांचा हिंदु-तुर्क संवाद ज्यांनीं वाचला असेल त्यांस आठवेल कीं तेथें आरंभीं गोडवा नाहीं. दोघेही एकमेकांच्या देवाधर्मावर सडकून तोंडसुख घेतात. जीं वाक्यें आज छापलीं तर कोणाच्या तरी भावना दुखावतील अशीं तीं आहेत. नाथांनीं तें भांडण गाळलें नाहीं. तें पूर्ण होऊं दिलें, आणि मगच दोघांना आलिंगन देऊं दिलें. “सगळे धर्म एकच” हें वाक्य नाथांनीं शेवटीं मिळविलें असेल. आम्ही तें आरंभींच फुकट घेतों, हा फरक आहे. श्रीगोंद्याचे शेख महंमद मुसलमान घरीं जन्मून मराठींत योगसंग्राम लिहिते झाले, तेंही अशा दीर्घ सहवासावांचून घडलें नसावें.

आमच्या म्हणण्यावर तीन आक्षेप येतील. पहिला असा, कीं दोन म्हाताऱ्यांच्या ओसरीवरच्या गप्पांनीं समाजाचे प्रश्न सुटत नाहींत. कबूल आहे. १९९२ च्या डिसेंबरांत आणि १९९३ च्या जानेवारींत ही मुंबई जळली, तेव्हां पोलीस, न्याय आणि राज्यकर्त्यांची दानत हीच पहिली गरज होती. गप्पा हें त्यांचें काम करूं शकत नाहींत. परंतु अफवा ही दंगलीची वाहक असते, आणि अफवेस एकच माणूस निरुत्तर करूं शकतो: ज्याच्याविषयीं ती आहे त्यास नांवानें ओळखणारा.

दुसरा आक्षेप असा, कीं स्नेह जडला कीं मनुष्य सत्य बोलणें टाळतो. मित्राच्या धर्मांतील अन्याय त्याला दिसेनासा होतो. हा आक्षेप वजनदार आहे. पण तो स्नेहावर नसून भिडेवर आहे. हमीद दलवाई ह्यांनीं १९७० सालीं मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढून आपल्याच समाजांतील अन्यायावर बोट ठेवलें, तें त्या समाजाविषयींच्या आपलेपणानें. आणि हेंही ध्यानांत ठेवावें, कीं त्यांची टीका वाचून खूष झालेल्या आमच्या पुष्कळ वाचकांनीं आपल्या घरांतील अन्यायावर तेवढेंच स्पष्ट बोलण्याचा धडा त्यांच्याकडून घेतला नाहीं.

तिसरा आक्षेप असा, कीं मॉर्मन काय किंवा मुसलमान काय, दोघेही दुसऱ्यास आपल्या धर्मांत ओढूं पाहणारे. त्यांच्याशीं निर्मळ बोलणें व्हावें कसें? आमचें उत्तर असें, कीं उघड सांगितलेला हेतु संवादाच्या आड येत नाहीं, लपविलेला येतो. शेजाऱ्यानें ग्रंथ दिला तो उघड हातानें दिला, म्हणून तो नाकारतांही उघडपणें आला.

आतां मुख्य गोष्ट. हा सारा विचार दूरच्या जोडीवर पारखला. आतां तो घरीं आणूं. गिरगांवांतून भेंडी बाजारास पायीं जाण्यास अर्धा तासही लागत नाहीं. गिरगांवांत प्रार्थनासमाजाचें मंदिर १८७४ पासून उभें आहे. सर्व धर्मांतील सत्य वेंचावें ही त्या समाजाची शिकवण. विठ्ठल रामजी शिंदे ऑक्सफर्डला धर्मांचा तौलनिक अभ्यास करून आले आणि तेथें न थांबतां १९०६ सालीं परळास अस्पृश्यांच्या मुलांसाठीं शाळा काढून बसले. विनोबांनीं कुराणाचें सार काढलें, साने गुरुजींनीं इस्लामी संस्कृतीवर लिहिलें, जोतीबा फुल्यांनीं पैगंबरावर काव्य केलें. इतका वारसा असतांना आम्हीं त्यांतील कपाटांत ठेवण्याजोगा अर्धा भाग उचलला आणि पायीं चालण्याचा अर्धा भाग सोडून दिला.

वाचकांनीं स्वतःस प्रामाणिकपणें विचारावें: ज्याचें नांव, ज्याच्या मुलांचीं नांवें आपणांस ठाऊक आहेत, ज्याच्या घरीं आपण जेवलों आणि जो आपल्या घरीं जेवला, असा मुसलमान आपल्या ओळखींत किती? पुष्कळांचें उत्तर शून्य येईल. तें केवळ योगायोगानें आलेलें नाहीं. चाळी पाडून त्या जागीं जे मनोरे उभे राहत आहेत, तेथें घर भाड्यानें वा विकत मागणाऱ्याचें नांव विचारलें जातें, आणि नांव ऐकल्यावर जागा “नुकतीच गेलेली” असते. कोणी लेखी नियम करीत नाहीं. लेखी नियम करण्यास धैर्य लागतें. दलाल समजतो, सेक्रेटरी समजतो, आणि सभासदांस कांहीं ठाऊक नसतें. मग त्याच इमारतीच्या गच्चीवर सर्वधर्मसमभावावर व्याख्यान ठेवलें तर तें कोणास ऐकवावयाचें? ज्याला ऐकवावयाचें त्याला फाटकांतून आंत घेतलेला नाहीं.

संवाद करा असा उपदेश नेहमीं अल्पसंख्यास केला जातो. त्यानें मिसळावें, त्यानें समजावून सांगावें, त्यानें शंका फेडाव्या. आमच्या मतें ही जबाबदारी ज्याच्या हातीं किल्ली आहे त्याची. वर सांगितलेल्या उदाहरणांत पाव घेऊन प्रथम कोण आलें, हें वाचकांनीं पाहिलेंच आहे. ज्यांचें गांव होतें ते आले, परका आला नाहीं.

म्हणून आमची विनंती फार मोठी नाहीं. आपल्या इमारतीच्या सभासदांची पुढची सभा भरेल आणि एखाद्या अर्जावरील नांव वाचून कोणी घसा खांकरील, तेव्हां एका तरी सभासदानें उभें राहून सांगावें कीं ह्या अर्जदारास आपण सर्वांसारखेच प्रश्न विचारूं आणि त्यांहून अधिक एकही विचारणार नाहीं. आणि हें म्हणणें सभेच्या इतिवृत्तांत नोंदवून घ्यावें.